खांब येतो-जातो

९ डिसेंबर

प्रिय दादा,

पाच आठवडे झाले, मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझी दोन पत्रं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. दोन्ही वाचली, एकाचंही उत्तर दिलं नाही. क्षमा कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोज कार्यालयातून आले की मी रोजनिशी लिहीत होते, आणि तिच्यात तुझ्याबद्दलच लिहीत होते. तुला लिहायचं धाडस होत नव्हतं, एवढंच.

कारण सांगते. तीन नोव्हेंबरच्या सकाळी धुक्यात तुझी फेरीबोट मधल्या खांबापाशी एका नावाड्याच्या होडीवर गेली, त्याचा पाय चिरडला, आणि चौकशी होईपर्यंत तुझा सुकाणूचा परवाना काढून घेतला, हे वहिनीनं मला त्याच दिवशी कळवलं. चार दिवसांनी तेच प्रकरण माझ्या टेबलावर आलं. चौकशी अधिकाऱ्यांना आमच्या जलमार्ग कार्यालयाकडून एक तक्ता हवा आहे: दोन हिवाळ्यांतली प्रत्येक फेरी आणि त्या वेळी धुकं किती होतं. फेऱ्यांची वही एक, धुक्याची दुसरी. दोन्ही जोडायच्या. जोडणारा प्रोग्राम या कार्यालयात माझ्याकडेच असतो.

मी आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सांगितलं, तो माझा सख्खा भाऊ आहे, हे काम मला नको. बाई म्हणाल्या, "मग कोण करणार? मी? मला टीव्हीचा रिमोट जमत नाही." थोड्या वेळानं त्यांनी तोडगा काढला. नियम मी लिहायचे, नोंदी शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले भरतील. या हिवाळ्याची वही मला दिसणार नाही. आणि तुझ्याशी या विषयावर बोलायचं तर कागदावरच बोलायचं. माझ्या प्रत्येक पत्राची प्रत फाइलला लावीन, हे मात्र मीच सुचवलं. तेव्हा हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी वाचतंय, हे ध्यानात ठेव. तुझी पत्रं माझ्याकडेच राहतील.

आता माझी अडचण. हा प्रोग्राम म्हणजे तक्त्यांचं बीजगणित. शाळेत आपण क्ष आणि य घेऊन बसायचो, इथे अक्षरांच्या जागी अख्खे तक्ते असतात. त्यातल्या हव्या त्या ओळी निवडायच्या, हवे ते रकाने ठेवायचे, नाहीतर एक तक्ता दुसऱ्याला जोडायचा. काहीही केलं तरी बाहेर तक्ताच येतो. या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतावं तसं मला ते वाटतं. पण रकान्यात काय असणार हे यंत्राला आधी सांगावं लागतं. त्याला आकडे कळतात, अक्षरं कळतात, तारखा कळतात. धुकं कळत नाही. धुक्यासाठी मूल्यांचा एक नवा प्रकार मला घडवायचा आहे. म्हणजे ठरवायचं, की यात कोणकोणती मूल्यं असू शकतात, दोन मूल्यं सारखी कधी मानायची, आणि दाट कुठलं, विरळ कुठलं.

धक्क्याच्या मनोऱ्यावर बसून धुक्याची वही लिहिणारे अण्णा मीटरमध्ये लिहीत नाहीत, एवढं मला माहीत आहे. ते काय लिहितात, आणि धक्क्यावरचे तुम्ही त्याचा काय अर्थ घेता, तेवढंच कळव. त्या दिवसाबद्दल काही लिहू नकोस. फोनही करू नकोस. तुझ्या आवाजावरून मी काहीतरी ओळखेन आणि मग ते मला विसरता येणार नाही.

तुझी,
धाकटी


१४ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तुझ्या वहिनीनं एकदा. वाचून म्हणाली, "हिला लहानपणी कुणी थापा मारायला शिकवलं नाही, त्याचं हे सगळं." तुझ्या बाईंना नमस्कार सांग. मलाही रिमोट जमत नाही म्हणावं.

मी बरा आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हिवाळ्यात घरी बसलोय. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय तासून सारखे केले. आता एकही डुगडुगत नाही. त्यामुळे तुझ्या वहिनीला पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं वाटतं म्हणे.

अण्णांची मापं चार. 'दिवा' म्हणजे पलीकडच्या धक्क्यावरचा दिवा दिसतो. 'खांब' म्हणजे दिवा नाही, पण नदीच्या मध्यावरचा पाण्याची पातळी मोजायचा खांब दिसतो. 'पायरी' म्हणजे आपल्याच धक्क्याची शेवटची पायरी दिसते, त्यापुढे काही नाही. आणि 'हात' म्हणजे आपला हात. नियम एकच. खांब दिसला तर निघायचं, नाही दिसला तर थांबायचं. लोक घड्याळ दाखवतात, ते बघायचं नाही.

पण तुझ्या यंत्राला हेही सांग, की धुकं भिंतीसारखं एका जागी उभं नसतं. ते चालतं. सकाळी सहाला तू धक्क्यावर उभी राहिलीस तर तुला नदी दिसणार नाही, फक्त तिचा आवाज पायाखाली. मग समोर एक काळी रेघ उगवते, तो खांब. तू नीट बघायला जातेस तेवढ्यात कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी ती जाते. परत येते. कधी जरा डावीकडे आल्यासारखी वाटते, जणू खांबच फिरायला निघालाय. अशा वेळी वहीत लिहिलेलं असतं, 'खांब येतो-जातो.' ते पाचवं माप समज. त्याच्यापुढे निघायचं की थांबायचं, हे नियमात लिहिलेलं नाही. ते कप्तानावर सोडलेलं आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. नावाडी बरा आहे म्हणतात.

दादा


२२ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझी पाच मापं मी यंत्रात बसवली. आता त्या रकान्यात पाचांपैकीच काहीतरी असू शकतं. 'दिवा' खांबाहून विरळ, 'खांब' पायरीहून, 'पायरी' हाताहून. 'येतो-जातो'ची जागा ठरवायला मला चार दिवस लागले. 'खांब' आणि 'पायरी' यांच्या मध्ये एक पाऊल ठेवून ते बसवलं असतं तर काम दहा मिनिटांत झालं असतं. पण तसं नाही ना ते. ते मधलं माप नाही, ते कधी हे असतं आणि कधी ते. म्हणून 'खांब दिसतो का?' या प्रश्नाला माझ्या प्रकारात तीन उत्तरं ठेवली: हो, नाही, आणि सांगता येत नाही.

मग गेल्या हिवाळ्याच्या वहीवर चाचणी घेतली. ती बघायची मला परवानगी आहे. वेळापत्रकातल्या सकाळच्या फेऱ्या सहाशे चाळीस. प्रोग्रामला म्हटलं, खांब दिसत होता अशा ओळी दे. पाचशे एकाहत्तर आल्या. मग म्हटलं, दिसत नव्हता अशा दे. बावन्न आल्या, आणि त्या बावन्न वेळा बोट खरोखर थांबलेलीच होती. मी समाधानानं उठले, पाणी पिऊन आले, आणि सवयीनं बेरीज केली. सहाशे तेवीस.

सतरा सकाळी कुठेच नव्हत्या.

चूक शोधत दुपार गेली. चूक नव्हती. बीजगणित त्याच्या रीतीनं बरोबर वागलं होतं. 'हो' मागितलं की ते 'हो'च्या ओळी देतं, 'नाही' मागितलं की 'नाही'च्या. 'सांगता येत नाही' हे दोन्हींतून गळतं, आणि कुणी बेरीज केली नाही तर कुणाला कळतही नाही. मला त्या सतरा बोटी दिसायला लागल्या. धक्का सोडून निघालेल्या, पलीकडे कुठल्याही यादीत न पोचलेल्या, माणसं बसलेली, कुणाच्या मांडीवर पिशवी, सगळे पांढऱ्यातून पांढऱ्यात बघत. कार्यालयातल्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि मी त्यांना मोजत होते.

आता तिसरी यादी वेगळी निघेल. बाईंनी ती मान्य केली. नियम ३१ तारखेला बंद होतील, त्यानंतर मलाही त्यांना हात लावता येणार नाही.

एक गोष्ट कबूल करते, प्रत फाइलला जाणार हे माहीत असून. तिसरी यादी करताना मनात आलं, दादाची सकाळ हिच्यात असली तर बरं. ही यादी मी बरोबर म्हणून केली की बरं वाटावं म्हणून केली? रोजनिशीत दोन पानं लिहिली, निकाल लागला नाही. मग वाटलं, यादी नसती तर ती सकाळ कुणालाच दिसली नसती, ते तुला अधिक सोयीचं झालं असतं. तेव्हा बहुधा बरोबर म्हणूनच केली. बहुधा.

बाकी काम कंटाळवाणं. वहीच्या पानांची छायाचित्रं स्वच्छ करत होते. किती नोंदींशेजारी माश्यांची घाण आहे म्हणून सांगू. एका आज्ञेत सगळे ठिपके काढून टाकले. अण्णांना सांग, मनोऱ्याच्या खिडकीला जाळी बसवा.

तुझी,
धाकटी


२ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचलं. तू माझ्यासाठी काय केलंस ते मला कळलं. तुला तसं लिहिता येणार नाही, तेही कळतं. मी बोलणार नाही, पण विसरणारही नाही.

युनियनच्या माणसाला दाखवलं. तो तर खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "कप्तान, तिसरी यादी म्हणजे दोष कुणाचाच नाही. नियम गप्प आहे, तर माणसाला कसं धरणार?" त्या सकाळच्या नोंदीत 'खांब येतो-जातो' असंच आहे, म्हणजे आपण बरोबर त्या यादीत. सुनावणी वीस तारखेला तुमच्याच इमारतीत आहे. मार्चपर्यंत परत सुकाणूवर असेन असं तो म्हणतो.

वहिनीनं तुझ्यासाठी लोकरीचा स्वेटर घेतलाय. रंग कुठला ते सांगायचं नाही अशी ताकीद आहे. निळा आहे.

दादा


६ जानेवारी

प्रिय दादा,

मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून चार वेळा लिहिलं. शेवटी तसंच ठेवते, कडक वाटलं तरी.

जे मला कळायला नको होतं ते तू लिहिलंस. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नियम ३१ला बंद झाले, भावाचं पत्र दोन तारखेचं. तुमची झोप उडाली असेल तर ती तुमची खासगी बाब." पण काल त्यांनीच मला परत बोलावलं, कारण मी एक विचित्र गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली होती.

त्या सतरा सकाळींच्या नोंदी मी मूळ पानांवर पुन्हा बघत होते, काही कामासाठी नव्हे, नुसतीच, एखाद्या जुन्या गल्लीत चक्कर मारावी तशी. सतराही नोंदींशेजारी ठिपका होता. माश्यांचे म्हणून मी जे काढून टाकले त्यांतले. मग सगळे मोजले. एकतीस. सतरा 'येतो-जातो'पाशी आणि चौदा 'खांब'पाशी. 'दिवा'पाशी एकही नाही. 'पायरी' आणि 'हात', जिथे बोटी थांबल्या त्या बावन्न सकाळी, तिथेही एकही नाही. दादा, माशी इतकी शिस्तीची नसते.

बाईंनी अण्णांना फोन लावला. ते हल्ली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लेकीकडे असतात. ठिपका म्हणजे काय विचारलं, तर म्हणाले, "ज्याचा ठिपका, त्याला विचारा." आणि फोन लेकीकडे दिला.

म्हणून विचारते. हा प्रश्न त्या दिवसाबद्दल नाही, वहीबद्दल आहे, असं मी स्वतःला सांगते आहे, आणि ते अर्धंच खरं आहे हेही मला माहीत आहे. माहीत असेल तर सांग. सांगायचं नसेल तर सांगणार नाही असं लिही. माहीत नाही असं मात्र लिहू नकोस.

धाकटी


१३ जानेवारी

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. वहिनीशी बोलले, फक्त तब्येतीबद्दल. ती म्हणाली, "जेवतात, झोपतात, पहाटे उठून धक्क्यावर जाऊन उभे राहतात. धुकं असेल त्याच दिवशी." मी पुढे विचारलं नाही.

मी घाई करत नाही. सुनावणीला सात दिवस आहेत, हे फक्त कळवते.

धाकटी


१५ जानेवारी

धाकटे,

ठिपका अण्णांच्या डोळ्यांचा आहे. म्हणजे त्यांच्या डोळ्यांचा नाही, याची खूण.

चारेक वर्षांपूर्वी त्यांना कमी दिसायला लागलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, सांगितलं असतं तर मनोऱ्यावरून खाली उतरवलं असतं. आम्ही सगळ्या कप्तानांनी मिळून ठरवलं, ठरवलं असंही नाही, होत गेलं. दाट असलं की ते वरून हाक मारायचे, "कप्तान, खांब?" आपण बोटीच्या नाकावर उभे असायचो, आपल्याला जरा पुढचं दिसतं. आपण सांगायचं, ते लिहायचे. पण माणूस सरळ. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं स्वतःच्या नावावर कसं घालायचं, म्हणून शेजारी ठिपका द्यायचे. आम्ही हसायचो, अण्णा, हा ठिपका बघणार कोण.

मला वाटायचं आम्ही एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळतोय. ते खरंही होतं.

तू लिहिलंस, थांबलेल्या बावन्न सकाळी एकही ठिपका नाही. ते वाक्य मी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा पत्र घडी करून ठेवलं. एकतीस वेळा त्यांनी आम्हाला विचारलं, आणि एकतीस वेळांत आम्ही सहा जणांपैकी एकानंही 'दिसत नाही' म्हटलं नाही. मी कधी मोजलं नव्हतं. कुणीच मोजलं नव्हतं. ज्या बावन्न वेळा बोटी थांबल्या, त्या खांब दिसत नाही अशी अण्णांना स्वतःला खात्री होती म्हणून थांबल्या.

तीन नोव्हेंबरचं सांगतो. तू लिहू नकोस म्हणालीस, तरी सांगतो.

धक्क्यावर साठ-सत्तर माणसं. पुढे एक नर्स, तिची पाळी सातची. ती नुसती माझ्याकडे बघत होती. वरून हाक आली, "कप्तान, खांब?" मी पुढे पाहिलं. सगळं पांढरं, आणि फार शांत, दूध निवत ठेवल्यासारखं. मी म्हटलं, "येतो-जातो." खोटं बोलतोय असं वाटलं नाही. मला तो दिसला. जिथे बावीस वर्षं आहे तिथे दिसला. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तिथेच दिसला असता.

गेले तीन आठवडे धुक्याच्या दिवशी मी त्याच जागी उभा राहून बघतोय. तसंच धुकं पडलं की मला खांब दिसतो. मग मी पाठ फिरवून धक्क्याच्या भिंतीकडे बघतो, तिथेही दिसतो.

नावाडी खांबाला दोरी बांधून थांबला होता. त्याला पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तो नियमाप्रमाणे थांबला होता. त्यानं हाकही मारली. मी ऐकली. वाटलं काठावरून आली.

मी खांब पाहिला नाही. मी तो तिथे ठेवला.

युनियनचा माणूस म्हणतो, हे लिहिलंस तर बाकीच्या पाचांनाही खाली खेचशील. त्यांना मी जाऊन सांगितलं. दोघं बोलेनासे झालेत. एकानं चहा दिला.

तू माझ्या पत्रांची प्रत करत नाहीस. याची कर. फाइलला लाव.

दादा


२१ जानेवारी

प्रिय दादा,

काल मी शेवटच्या रांगेत होते. तू मला पाहिलंस आणि लगेच समोर बघायला लागलास, तेव्हा मीही समोरच पाहिलं. सुनावणी संपली आणि बाहेर आले तोवर तू बसनं निघून गेला होतास. आता फोन करायला हरकत नाही, पण हात पत्राकडेच गेला.

तुझ्या पत्राची प्रत सोळा तारखेला बाईंच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानंच वाचली, मग बसून वाचली. मी नियम पुन्हा उघडायचा अर्ज लिहून नेला होता. त्यांनी त्यावर सही केली आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी तुम्हाला हे काम द्यायला नको होतं, का एवढ्यासाठीच द्यायला हवं होतं, मला कळत नाही." नेहमीसारखं काहीतरी गमतीचं बोलतील म्हणून मी थांबले. पण त्या तेवढंच बोलल्या.

प्रकार बदलला. आता धुक्याचं मूल्य एकटं नसतं. काय दिसलं आणि कुणाला दिसलं, ही जोडी मिळून एक मूल्य. अण्णांचा 'खांब' आणि कप्तानाचा 'खांब' आता सारखे मानले जात नाहीत, एकाच शब्दात लिहिलेले असले तरी. कुठलं खरं, हे माझ्या प्रकारात नाही. ते मी चौकशीवर सोडलं. मला ते ठरवता आलं असतं, एका ओळीत, आणि मी तसं करून पाहिलंही, आणि पुसलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, की 'येतो-जातो' ही नोंद असताना, केवळ तुझ्या पत्रावरून, तीन नोव्हेंबरची सकाळ 'दिसत नव्हता' यात का धरावी. युनियनचा माणूस उठायच्या आत तू उठलास. तू काय म्हणालास ते इतिवृत्तात आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. मी खाली माझ्या बुटांकडे बघत होते. नावाडी कुबड्या टेकून बसला होता. त्याला विचारलं, काही म्हणायचं आहे का. तो म्हणाला, "धुक्यात हाक कुठून आली ते मलाही कळत नाही. पण मी थांबलो होतो." तेवढंच. तो रागानं बोलला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

परवाना कायमचा रद्द. कागद तुला टपालानं येईल, त्यावर आमच्या कार्यालयाचा शिक्का असेल. आवक-जावक वहीत त्याची नोंद आज मीच केली. दुसऱ्या कुणाला करू द्यावी असं वाटलं नाही. इतर पाचांना ताकीद मिळाली. मनोऱ्यावर यापुढे दोन माणसं असतील, आणि ज्याला निघायचं आहे त्याला खांबाबद्दल विचारायचं नाही, असा आदेश निघाला.

माझ्या हिशेबाचं एक राहिलं आहे. एकतीस ठिपके मी एका आज्ञेत पुसले होते. गेली पंधरा वर्षं मी जुन्या वह्या यंत्रात घालते आहे, आणि कुठल्याही खुणेला घाण म्हणण्याआधी दुसरं पान बघते. या वेळी बघितलं नाही. का, याचं उत्तर रोजनिशीत शोधत आले. घाईत होते, असं पहिल्या दिवशी लिहिलंय. आज खाली लिहिलं, मला ते पान स्वच्छ दिसायला हवं होतं. तुला जसा खांब दिसला, तसंच. फरक इतकाच, की माझ्या वाटेत दोरी बांधून कुणी थांबलेलं नव्हतं.

आज दुपारी वहिनीचा फोन आला. म्हणाली, "सकाळी धुकं होतं, पण हे उठले नाहीत. जागे होते, नुसते पडून होते. खिडकीतून सगळं पांढरं येत होतं, म्हणाले, येऊ दे." मग म्हणाली, "तू ये ना." ती अशी कधी म्हणत नाही. आपल्या घरात कुणीच कुणाला ये म्हणत नाही, येणारा येतो.

मी आल्यावर आपण काय बोलू मला माहीत नाही. बोलायला हवंच असंही नाही. तू खुर्च्या सारख्या केल्या आहेस, त्यांतल्या एकीवर बसेन. वहिनी स्वेटर दाखवेल, मी रंग बघून चकित होईन. धुकं पडलं तर खिडकी उघडी ठेवू.

उद्या: दोन दिवसांच्या रजेचा अर्ज देणे, कारण, भावाकडे जाणे.

धाकटी